साळूबाईनं मागितलेलं बळ

साळूबाई रोज सकाळी मुद्दाम लालासाहेबाच्या दारावरून जायची. वस्तीवरून नदीला जायला जवळची पायवाट होती, पण ती वळसा घ्यायची. काखेत घागर, डोईवरून नीट घेतलेला पांढऱ्या लुगड्याचा पदर, आणि चाल अगदी संथ. लालासाहेब ओट्यावर तंबाखू मळत बसलेला असायचा. ती त्याच्याकडे बघायची. शब्द बोलायची नाही, नुसती बघायची. तो मान फिरवायचा, खाकरायचा, कधी उठून आत जायचा. तो आत गेला की साळूबाईचा दिवस बरा जायचा.

भैरेवाडी कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णेकाठी. गावात मराठ्यांची घरं, चौफेर उसाची रानं, आणि गावकुसाबाहेर ख्रिस्ती झालेल्या घरांची लहानशी वस्ती. साळूबाईचा नवरा कोंडीबा तिथला उपदेशक. आठवडाभर प्रार्थनेच्या खोलीत शाळा भरवायचा आणि रविवारी तिथंच उपासना घ्यायचा. गावातली काही पोरंही आईबापांची नजर चुकवून दाराशी बसत आणि धुळाक्षरं गिरवत. कोंडीबा मऊ माणूस. जीभ साळूबाईची आणि धीर मास्तराचा, असं वस्तीतले लोक हसत हसत म्हणायचे.

ती प्रार्थनेची खोली लालासाहेब पाटलाच्या उसाच्या बांधाला लागून होती. तेवढा तुकडा मिळाला की त्याचं रान सलग होणार होतं. त्यानं दोन-तीनदा मागून बघितला, धमकावून बघितलं. कोंडीबा म्हणायचा, "पाटील, जागा माजी न्हाई. देवाची हाय."

बेचाळीस साल आलं. तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले, गोळ्या चालल्या, पुढारी डोंगरात पांगले आणि पोलीस गावोगाव त्यांना हुडकत फिरू लागले. भैरेवाडीत फौजदार उतरला, तेव्हा लालासाहेबानं त्याला चहा पाजून सांगितलं की, मिशनच्या मास्तराच्या खोलीत फरारी माणसं झोपून जातात. धडधडीत खोटं. कोंडीबाला चावडीवर नेलं. साळूबाई मागं धावली. तिला पायरीखाली अडवलं. आतून काठीचा आवाज येत होता आणि पायरीवर लालासाहेब उभा होता. दारातून आत वाकून तो मोठ्यानं म्हणाला, "बोलव की मास्तर! बोलव तुज्या देवाला!" आणि हसला.

कोंडीबाला दोघांनी घोंगडीत घालून घरी आणला. आठवडाही काढला नाही त्यानं. आतून फुटला होता. जाताना म्हणाला, "साळू, त्येच्यावर डूक धरू नगंस." तिनं त्याच्या तोंडात पाणी घातलं, पण हो म्हटलं नाही.

प्रार्थनेच्या खोलीला पोलिसांनी कुलूप घातलं. पुढच्या उन्हाळ्यात कुलूपही गेलं, कौलंही गेली, आणि मग एक दिवस भिंती पाडून तिथं ऊस लागला. वस्ती गप्प बसली. बोलून जाणार कुठं?

सांगलीहून मिशनची मडम आली. चांगली बाई होती, मराठीही बरं बोलायची. तिनं साळूबाईला सांगितलं, "तुम्ही सांगलीला चला. मुलींच्या बोर्डिंगमध्ये काम आहे, राहायला खोली आहे."

"मी हितंच ऱ्हाणार," साळूबाई म्हणाली. "मास्तरांचं काम मी करीन."

मडमेच्या डोळ्यांत पाणी आलं. "देव तुम्हांला बळ देईल," ती म्हणाली. साळूबाईनं मान डोलावली. मनात म्हणाली, मला बळाचं काय कमी हाय? भैरेवाडी सोडली असती तर लालासाहेब रोज दिसला नसता, हे खरं कारण. ते तिनं मडमेला सांगितलं नाही.

आणि काम तिनं केलं, ते असं की लोक बघत राहिले. करंजाच्या झाडाखाली उपासना सुरू ठेवली. आसपासच्या वाड्यांवर पायी जाऊन बायकांना गोळा केलं, त्यांना वाचायला शिकवलं. तरुणपणी काही दिवस ती मिशनच्या दवाखान्यात राहिली होती. तिथून मिळणाऱ्या मलमपट्टीच्या पेटीवर ती वस्तीची दुखणी काढायची. दारू पिऊन आलेल्या गड्याला उपासनेतून हाताला धरून उठवायची. गुंडा आणि ज्योतिबा हे सख्खे भाऊ सामाईक भिंतीवरून वर्षानुवर्षं भांडत होते. दोघांना समोरासमोर बसवून तिनं एका ताटात जेवायला लावलं. लोक म्हणू लागले, मास्तरापेक्षा बाई कडक, बाईच्या अंगात देवाचं बळ हाय.

ते बळ कशाचं आहे, हे साळूबाईला पक्कं ठाऊक होतं. लोकांसमोर ती प्रार्थना करायची, सगळे आमेन म्हणायचे, आणि मग ती ओठ मिटून एक ओळ आणखी म्हणायची. लालासाहेबाचं वाटोळं कर. रोज. एकदा त्याचा जातिवंत खोंड ओढ्यात पाय मोडून मेला. त्या दिवशी साळूबाईनं गुळाचा सांजा केला आणि वस्तीतल्या पोरांना बोलावून खाऊ घातला. पोरांनी विचारलं, "बाई, आज सण हाय व्हय?" ती म्हणाली, "खावा गुमान."

पुढं डोंगरातल्या फरारी लोकांचा अंमल वाढला. पोलिसांना गावात यायला भीती वाटू लागली. दरोडेखोर, खबरे, बायकांना छळणारे, अशांना ते धरून नेत, गावकऱ्यांसमोर उभं करत, साक्षी घेत आणि शिक्षा देत. ह्या भागातल्या टोळीचा म्होरक्या होता हंबीरराव. लष्करातून पळून आलेला, उंचापुरा. लहानपणी तोही कोंडीबाच्या दाराशी बसून अक्षरं शिकला होता.

एके दिवशी नदीवर धुणं धुताना एक बाई साळूबाईच्या शेजारी येऊन बसली आणि मान वर न करता म्हणाली, "तुमाला घळीत बोलीवलंय. मास्तरांच्या पायी. लालासाबाला धरलाय."

साळूबाईनं धुणं तसंच टाकलं.

भर दुपारची वेळ. घळीत आसपासच्या गावांची माणसं दगडांवर बसली होती. मधोमध लालासाहेब. डोक्याला पटका नाही, धोतर चिखलानं माखलेलं. साळूबाईनं त्याला असा उघड्या डोक्यानं कधी बघितला नव्हता. टक्कल पडलं होतं त्याला. तिला ते बघून फार बरं वाटलं.

आधी दुसऱ्या गावच्या दोघांनी साक्ष दिली. त्यांच्या पोरांची नावंही त्यानंच फौजदाराला सांगितली होती. मग हंबीरराव म्हणाला, "बाई, मास्तरांचं काय झालं ते सांगा."

तिनं सांगितलं. आवाज न चढवता, एकही शब्द न वाढवता.

लालासाहेब ओरडला, "म्या हात लावला न्हाई! फौजदारानं मारलं!"

"तू हसलास," साळूबाई म्हणाली.

जमलेल्यांतल्या पंचांनी आपसांत विचार केला आणि तळपायांवर काठ्या ठरवल्या. त्याला पालथा पाडून पाय वर बांधले. काठी घेऊन एक गडी पुढं आला, तशी साळूबाई उठली.

"द्या हिकडं."

हंबीरराव चपापला. "बाई, ऱ्हाऊ द्या. तुमी देवाचं माणूस. आमची पोरं हायेत की."

"देवानं लय वाट बघाय लावलीया. द्या."

हंबीररावानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काठी दिली.

पहिली काठी बसली तसा तो किंचाळला. साळूबाईच्या अंगातून गरम काहीतरी वर चढलं. दुसरी, तिसरी. पाणी वाहून, जातं ओढून कसलेले तिचे हात. प्रत्येक काठी पुरी बसत होती. तळवे फुटले, रक्त आलं. आणि तिच्या तोंडून निघालं, "बोलव की! बोलव तुज्या देवाला!"

आपलाच आवाज तिनं ऐकला. चावडीच्या पायरीवर ऐकलेला तोच सूर, तेच हेल. तरी हात थांबला नाही. ठरलेल्या काठ्या संपल्या, कुणीतरी "पुरं, बाई" म्हणालं, तरी थांबला नाही. शेवटी हंबीररावानं तिचं मनगट धरलं. "बाई! मरंल त्यो!"

"मरू दे की," ती म्हणाली.

त्यानं काठी काढून घेतली.

खोटं कशाला सांगायचं, त्या दिवशी साळूबाईला सुख झालं. घरी येऊन तिनं पोटभर भाकरी खाल्ली. पुष्कळ दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी उठून ती नदीला गेली, ती मात्र जवळच्या वाटेनं. ओट्यावर आता कुणी बसलेलं नव्हतं. वळसा घ्यायला कारणच उरलं नव्हतं.

लालासाहेबाला बैलगाडीत घालून आणून टाकलं होतं. खबऱ्या ठरलेल्या माणसाच्या घराशी कुणी संबंध ठेवायला धजेना. न्हावी येईना, गडी येईनात, भावांनी मधलं दार लावून घेतलं. दवाखान्यात न्यायला कुणी गाडी देईना. जखमा चिघळल्या. एक दिवस त्याची बायको मनुबाई वस्तीच्या कडेला येऊन उभी राहिली. ह्या बाईनं आजवर वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं.

"साळू, तुज्याकडं औशिद असतंय म्हनं. त्येंच्या पायाला..."

"संपलंय," साळूबाई म्हणाली. पेटी मागं कोनाड्यात दिसत होती. मनुबाईनं ती बघितली आणि परत गेली. चार दिवसांनी पुन्हा आली. साळूबाईनं तिला बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं आणि गोड आवाजात सांगितलं, "आक्कासाब, मास्तरांना घोंगडीत घालून आणलं तवा मी बी तुमच्या दारात आली हुती, गाडी मागाय. तुमी आतून कडी लावलीसा." मनुबाई गूळपाण्याला न शिवता उठली. ती पाठमोरी जाताना साळूबाई शेवटपर्यंत बघत उभी होती.

आणि मग वस्तीतच आग लागली. गुंडा आणि ज्योतिबाचा तोच भिंतीचा वाद निघाला. शब्दानं शब्द वाढला आणि गुंडानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं भावाचा हात मोडला. नुसता मोडला नाही, तो खाली पडल्यावरही मारत राहिला. साळूबाई धावत गेली. ज्योतिबाच्या हाताला फळ्या बांधल्या आणि मग गुंडाकडं वळली.

"लाज वाटत न्हाई? एका ताटात जेवलासा न्हवं तुमी?"

गुंडा घाम पुसत उभा होता. तो उद्धट नव्हता. खरंच त्याला कळत नव्हतं. "का, बाई? त्यानं धा वरसं मला छळलं. तुमी केलं त्येच मी केलं. तुमची काठी देवाची आन् माजा दांडा सैतानाचा, आसं हाय का?"

भोवती सगळी वस्ती उभी होती. सगळे साळूबाईकडं बघत होते. बायकांच्या पदराआड पोरं दडली होती, आणि ती गुंडाला भीत नव्हती, साळूबाईला भीत होती. हे तिनं त्याच क्षणी बघितलं.

ती घरी आली.

रविवारी करंजाखाली लोक जमले. साळूबाई उभी राहिली. गाणं झालं. प्रार्थनेला तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं, तर आत काहीच नव्हतं. इतकी वर्षं ज्या निखाऱ्यावर ती तापत होती, तो त्या घळीत जळून राख झाला होता, आणि त्याच्याखाली दुसरं काही तिनं साठवलंच नव्हतं. मास्तरांचे शब्द आठवून बघितले. ते पोकळ लागले. ती सगळ्यांसमोर खाली मातीत बसली.

कुणाला काय करावं सुचेना. तेव्हा तानुबाई बोलली. तानुबाई वस्तीतली सगळ्यांत म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. कोंडीबाच्याही आधीपासून ती ह्या मंडळीत, म्हणजे इथल्या ख्रिस्ती समाजात, होती.

"बसलीस? बरं केलंस," ती म्हणाली. "पोरी, लय दिस तू आमाला तुज्या बळावर वडलंस. त्ये बळ कशाचं हुतं, त्ये मला आंधळीला बी दिसत हुतं. मीच भ्याली, बोलली न्हाई. वाटलं, कामाला येतंय न्हवं, मग येऊ दे."

"आता काय बी उरलं न्हाई, आजी," साळूबाई म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी हुबं करा."

"दुसरं कोण हाय? आन् उरलं न्हाई तर बरंच की. भरल्या घागरीत कोण वतंल? माग त्येच्याकडं. मास्तर रोज मागायचा. तू एकदा बी मागितलं न्हाईस."

मग म्हातारीनंच तुटक तुटक प्रार्थना केली. गुंडासाठी केली, ज्योतिबासाठी केली, साळूबाईसाठी केली. आणि लालासाहेबाचं नाव घेऊन त्याच्यासाठीही केली. ते नाव ऐकताच साळूबाईच्या दातांवर दात बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटी उचलली आणि लालासाहेबाच्या दारात जाऊन उभी राहिली. मनुबाईनं दार उघडलं. घरात घ्यायची तिची हिंमत झाली नाही आणि परत पाठवायचीही झाली नाही. तिनं गोठ्याकडं बोट दाखवलं. वासामुळं घरच्यांनी त्याला तिथंच टाकला होता. बाजेवर तो पडला होता, पायांवर माश्या बसल्या होत्या.

"बघाय आलीस?" तो म्हणाला. "बघ. पोटभर बघ."

"बघतेच हाय," साळूबाई म्हणाली. "मनुआक्का, ऊन पाणी आणा."

"मला शिवू नगंस!"

तिला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. ज्यानं जन्मभर तिची सावली अंगावर पडू दिली नाही, त्याचा पाय आता तिच्या हातात होता, आणि ओढून घ्यायची ताकद त्याच्यात नव्हती. जखमेत पू झाला होता. एका बोटाचं तर काही खरं नव्हतं. जरा जोरात दाबलं असतं तर तो गुरासारखा ओरडला असता. तिचा अंगठा तिथंच होता.

तेव्हा तिनं मागितलं. डोळे न मिटता, मोठ्यानं, मनुबाई ऐकत असताना. "प्रभू, माज्याकडं ह्या माणसासाठी काय बी न्हाई. तूच काय तरी दे. न्हाई तर मी ह्या जखमेत मीठ भरीन, तुला ठावं हाय."

आकाशातून काही आलं नाही. अंग हलकं झालं नाही, प्रेम दाटून आलं नाही. फक्त अंगठा सैल झाला. तिनं जखम धुतली, मेलेलं मांस कापलं, औषध लावलं, पट्टी बांधली. त्या दिवसापुरतं एवढंच मिळालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मागावं लागलं. तिसऱ्या दिवशी तो तिला अर्वाच्य बोलला, तेव्हा तिनं पट्टी अर्धी बांधून टाकली आणि गोठ्याबाहेर जाऊन उभी राहिली. देवाकडं मागून झाल्यावरच परत आत आली. कुठल्याच दिवशी काल मिळालेलं आज पुरलं नाही. पावसाळाभर असं चाललं. एक बोट गेलं, पण पाय वाचले. लालासाहेब कुबडीवर ओट्यापर्यंत येऊ लागला. त्यानं कधी माफी मागितली नाही, तिनंही मागितली नाही. प्रार्थनेच्या जागेवर त्याचा ऊस उभाच राहिला. एकदा मात्र, पट्टी सोडताना, तो वर आढ्याकडं बघत म्हणाला, "मास्तर ओरडला न्हाई. मला वाटलं हुतं ओरडंल." साळूबाईनं पट्टी पुरी सोडली. त्या दिवशी तिनं पाणी बदलायच्या निमित्तानं बाहेर जाऊन पदर तोंडात कोंबून रडून घेतलं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा.

वस्ती हे सगळं बघत होती. पेरणीच्या वेळी ज्योतिबाचा हात फळ्यांत होता, तेव्हा गुंडानं आपले बैल नेऊन त्याचं रान नांगरून दिलं. भावाशी तो पुढं कितीतरी दिवस बोलला नाही, नुसता नांगरून आला.

साळूबाईनं मंडळीचं काम सोडलं नाही. पण आता रविवारी ती आधी तानुबाईला आणि मग दुसऱ्या एखाद्या बाईला प्रार्थना करायला सांगायची आणि स्वतः शेवटी करायची. तिची प्रार्थना आखूड झाली. काही लोकांना ते आवडलं नाही. पहिली बाई बरी होती, दरारा होता, असं ते म्हणत. पोरं मात्र पुन्हा तिच्या मांडीवर बसू लागली.

स्वातंत्र्यानंतर दोनएक वर्षांनी लालासाहेब तापानं गेला. मनुबाईनं निरोप पाठवला, म्हणून साळूबाई जाऊन तिच्याजवळ बसली. त्याच हिवाळ्यात सांगलीला गावोगावच्या मंडळ्यांमधून काम करणाऱ्या बायकांची बैठक होती. साळूबाईला बोलायला सांगितलं. तिनं घळीतलं सगळं सांगितलं, काठीसकट. एक तरुण बाई, नुकतीच कामाला लागलेली, नंतर तिच्याजवळ आली आणि हळूच विचारू लागली, "बाई, मग तो माणूस मेला तेव्हा राग गेला का तुमचा?"

"न्हाई गं," साळूबाई म्हणाली. "त्येचं मढं ओट्यावर ठेवल्यालं बघितलं आन् राग परत हुबा ऱ्हायला. वाटलं, लय सुखानं मेला ह्यो." ती पदरानं चष्मा पुसू लागली. "मग तितंच बसून मागितलं. मनुबाईचा हात धरायचा हुता न्हवं मला."

पोरीनं साळूबाईची पिशवी उचलली, आणि दोघी मिळून स्टेशनाकडं चालू लागल्या.